ताशा एकटा वाजतो तिथं

स्टेशनवर दादानं माझी बॅग डाव्या हातानं उचलून डब्यात ठेवली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, बोटं वांग्यासारखी सुजलेली. मी बी.सी.ए. झालो होतो, आमच्या खानदानातला कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस, आणि बंगळुरूला नोकरीवर चाललो होतो. आई पिशवीत चिवड्याचा डबा कोंबत होती. बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगजो, आपण थांबलो नाही."

बंगळुरूत मला हे कोण विचारणार होतं? पण मी मान हलवली.

गल्लीतल्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमचं धुमाल होतं, म्हणजे वरातीत वाजवणारं पथक. टेम्पोवर ढोल, ताशे, कॅसिओ, पॅड आणि भिंतीएवढे स्पीकर. दादा ताशा वाजवायचा, मी त्याच्या मागं पॅडवर. नागपुरात इतवारीकडच्या अरुंद गल्ल्यांत दोन वराती समोरासमोर आल्या की एकच कायदा चालतो: ज्याचं वाजणं आधी थांबेल, त्यानं टेम्पो मागं घ्यायचा. नवरदेव घोड्यावर वाळून जावो, वरबाप हातापाया पडो, वाजवणारा थांबत नाही. थांबला की त्या धुमालाला पुढची कितीतरी लग्नं कोणी बोलावत नाही.

मे महिन्याच्या दुपारी आम्ही असे अडकलो. अर्धा तास झाला. काठीनं घट्टे फुटून दादाच्या तळव्यातलं रक्त ताशाच्या चामड्यावर उडत होतं. समोरच्या टेम्पोवरून बाटली आली, आमच्याकडून दगड गेला. मग लोखंडी पाइप निघाला. दादाचं मनगट दोन जागी तुटलं, समोरच्या दोघांची डोकी फुटली, नवरदेवाच्या काकाचे दात पडले. पोलिसांनी दोन्हीकडच्यांना सारखंच बडवलं.

त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, दादाला पाइप बसला तेव्हाच मी थांबलो, त्याआधी नाही. कोणालाच शंका आली नाही. भावाचा हात तुटल्यावर कोण वाजवत राहील?

बाबा धान्यबाजारात हमाली करायचे. तिथं त्या दुसऱ्या धुमालातला एक माणूस रिकाम्या बारदानाच्या गाठी बांधायला होता. तो एकदा हसून म्हणाला, "तुमचं पॅड तर आधीच गार पडलं होतं." बाबांनी पोती ओढायचा आकडा उलटा धरून त्याच्या कपाळावर मारला. सात टाके. मला हे फोनवर आईनं सांगितलं. मी तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये इडली खात होतो. मी इडली संपवली.

बंगळुरूत मला नवं संगीत सापडलं, हे जरा उशिरा. आमच्याकडे गाणं म्हणजे छातीवर आदळणारी वस्तू. तिथं ऑफिसच्या बसमध्ये सगळे कानात बोंडं घालून गप्प. माझा रूममेट जॉबी, केरळचा, मला रोज काहीतरी पाठवायचा. एखाद्या पोरीनं गिटारवर कुजबुजत केलेलं जुन्या नाचाच्या गाण्याचं कव्हर. कोणीतरी आपल्या खोलीत लॅपटॉपवर रचलेलं इलेक्ट्रॉनिक. आधी मला हसू आलं, हे काय, घाम नाही निघत. मग सवय लागली. लूप, सॅम्पल, ड्रॉप हे शब्द शिकलो. पथक नाही, बाप नाही, वरात नाही, एकटा माणूस वाजवतो आणि वाटेल तिथं थांबतो, कोणी त्याला मारायला येत नाही. खरं सांगतो, मला हेवा वाटायचा.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी बसमध्ये जॉबी म्हणाला, तुझ्या गावचं आहे, ऐक. रीमिक्स होता. खाली लिहिलेलं, नागपूरच्या रस्त्यावरच्या एका व्हिडिओतून. दुसऱ्या सेकंदाला मी दादाचा ताशा ओळखला. त्याच्या उजव्या हाताचा ठोका डाव्यापेक्षा जरा आधी पडायचा, तसा दुसऱ्या कोणाचा पडत नाही. त्याखाली माझं पॅड. मग पॅड गेलं. ताशा एकटाच राहिला. मी मोजले, आठ ठोके. मग ठक्. दादाची किंकाळी बनवणाऱ्या पोरीनं कापली होती, तिच्या जागी खोल बेस ठेवला होता. सगळं गाणं तिनं त्या आठ ठोक्यांभोवती बांधलं होतं. खाली लोकांनी लिहिलेलं, हा पॉज जीव घेतो.

मी पाइप पाहिला होता. समोरच्या टेम्पोच्या सीटखालून निघताना पाहिला आणि पॅड सोडून स्पीकरच्या मागं बसलो. आपल्या मागचं वाजणं गेलं म्हणून दादानं वळून पाहिलं. वळला नसता तर पाइप त्याला दिसला असता.

त्या दिवाळीत घरी गेलो. दादा आता दुसऱ्याच्या धुमालावर मिक्सर सांभाळतो, मनगट वळत नाही म्हणून बटणं डाव्या हातानं फिरवतो. सकाळी गच्चीवर त्याला ऐकवलं. पहिल्यांदा तो हसला. "पोरीनं मस्त बसवलं बे." दुसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले. तिसऱ्यांदा त्याचा डावा हात मांडीवर ठोके मोजत होता, आणि आठव्याला थांबला.

"पाइप दिसला होता तुले?"

"हो."

त्याची डावी मूठ माझ्या तोंडावर बसली. मी टाकीवर आपटलो, ओठ दातात फाटला. उठलो तर दुसरी बसली, कानावर. मी हात वर केले नाहीत.

"थांबला त्याचं काही नाही," तो धापा टाकत म्हणाला. "मी बी थांबलो असतो. पण आवाज काहून नाही दिला? एकडाव दादा म्हटलं असतं."

इतकी वर्षं मला वाटायचं, माझा गुन्हा थांबण्याचा आहे.

खालून बाबा ओरडले, "काय पडलं गा वर?"

दादानं जिन्याकडे बोट दाखवलं. "आता तूच सांग, काय पडलं ते," म्हणाला आणि बाजूला झाला.

मी रक्त थुंकत जिना उतरलो आणि बाबांना सांगितलं. बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बाजेवर बसून राहिले, आईनं दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा निवला.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते बाजारात गेले. तो माणूस गाठीवर गुडघा रोवून दोर आवळत होता. कपाळावर टाक्यांची रेघ. बाबांना पाहून त्यानं दोर सोडला आणि मुठी वळल्या. आजूबाजूचे हमाल जमले. बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरगं माझं थांबलं होतं. तू खरा होता."

त्यानं माझा सुजलेला ओठ पाहिला. मग बाबांच्या छातीवर दोन्ही हातांनी असा धक्का दिला की ते पोत्यांवर उताणे पडले. मी पुढं झालो तर बाबा खालूनच म्हणाले, "राहू दे. त्याचा हिशेब हाये."

आता गल्लीत मला थांब्या म्हणतात. बंगळुरूत माझ्या हाताखाली सहा जण आहेत, ते मला सर म्हणतात, आणि ते मी माझ्या अकलेवर कमावलंय, त्यात लाजायचं काही नाही. पण तिथं मी भेकड आहे हे कोणाला ठाऊक नाही, म्हणून तिथं मला कोणी ओळखतही नाही. परवा गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो, तर पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काबे थांब्या, कवा आला?"

मी म्हटलं, "आत्ताच, गाडीनं." आणि बॅग घेऊन घराकडे वळलो.