उघडा चार काढणारा

निवृत्त माणसाने जे जे करायचं असतं, त्यातलं भगवान मेश्राम यांना एकही धड जमलं नाही. बागकाम म्हणावं तर कॅनडातल्या एडमंटनमध्ये निम्मं वर्ष बाग बर्फाखालीच. टीव्हीपुढे बसले की पाच मिनिटांत घोरायला लागत. फिरायला गेले की लोकांच्या घरांच्या पायऱ्या आणि कठडे बघत उभे राहत, आणि मग बायकोला, कमलाबाईंना, म्हणावं लागे, "चला जी, लोक पोलीस बोलावतील." शेवटी त्यांनी मुलीच्या, प्रीतीच्या, घरातल्या बेसमेंटमध्ये स्वतःच्या हाताने एक ड्रॉइंग बोर्ड ठोकून घेतला. सरळ रेघा मारायचा लांबलचक टी-स्क्वेअर नागपूरहूनच आणला होता, सुटकेसमध्ये तिरका घालून. त्याला जागा करायला लोणच्याच्या दोन बरण्या मागे ठेवाव्या लागल्या होत्या. कमलाबाईंनी ते सहा वर्षांत माफ केलेलं नाही.

भगवानराव छत्तीस वर्षं एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्याच्या डोक्यातलं यंत्र कागदावर असं उतरवायचं, की तिसऱ्याने ते डोळे झाकून बनवावं, हा त्यांचा धंदा. एकदा मात्र कल्पनाही त्यांचीच होती. लेथवर वाकडा भाग धरून ठेवणारी एक पकड त्यांनी शोधली, आणि कारखान्याचे रोजचे दोन तास वाचले. कागदावर शोधक म्हणून नाव लागलं साहेबांचं. यांच्या वाट्याला आली खालच्या चौकटीतली दोन अक्षरं, बी. एम. त्या दिवशी ते कोणाला काही बोलले नाहीत. पण एक इच्छा आत रुतून बसली ती बसलीच. आयुष्यात एकदा, एका तरी कागदावर, 'शोधक' या शब्दापुढे आपलं पुरतं नाव यावं. वय एकाहत्तर झालं तरी ती इच्छा काही निवृत्त झाली नव्हती.

संधी आणली ती बर्फाने. दोन हिवाळ्यांपूर्वी ते घरापुढच्या ड्राइव्हवेवर घसरून उजव्या खांद्यावर पडले. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. प्रीती ऑफिसला निघताना बजावून जायची, "बाबा, शोव्हल करायचं नाही. मी आल्यावर करीन." आणि संध्याकाळी दमूनभागून आल्यावर ती उणे पंचवीसमध्ये फावडं ओढायची. खिडकीतून ते बघणं भगवानरावांना सोसेना.

मग बेसमेंटमध्ये ठोकाठोक सुरू झाली. कमलाबाई जिन्यावरून ओरडायच्या, "काय करून राहिले जी खाली?" वर उत्तर यायचं, "थांब, बघतो." हे त्यांचं पेटंट उत्तर. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, त्यातली वीस तरी या 'थांब, बघतो'मध्ये गेली असतील, असं कमलाबाई म्हणतात.

या वेळी मात्र बघितलं ते खरंच बघण्यासारखं निघालं. फावड्याच्या पात्याची डावी कड उंच, म्हणून बर्फ आपोआप उजवीकडे घसरून पडणार. आणि दांड्याच्या मध्यावर, डाव्या बाजूला वळवलेली दुसरी मूठ. सगळं वजन डाव्या हातावर, उजव्याने नुसती दिशा द्यायची. बर्फ एका बाजूला, मूठ दुसऱ्या बाजूला, त्यामुळे फावडं हातात कलंडत नाही. पहिल्याच बर्फात त्यांनी अख्खा ड्राइव्हवे साफ केला, आणि शेजाऱ्यांचाही करून टाकला.

प्रीतीने फावडं हातात घेतलं, दोनदा चालवलं आणि म्हणाली, "बाबा, हे सीरियस आहे. आपण पेटंटला अप्लाय करू."

भगवानराव उठले. वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

प्रीतीने एक पेटंट एजंट गाठला. माणूस सज्जन होता. त्याने संगणकावर शोध घेतला, असं फावडं कुठे सापडलं नाही, आणि तो म्हणाला, पुढच्या शुक्रवारी अर्ज भरू. एकच गोष्ट त्याने बजावली. यासारखं काहीही, कितीही जुनं तुमच्या पाहण्यात आलं, तर मला सांगायचं. ही कल्पना आधी कोणी मांडलेली नसेल, तरच ती तुमची.

तोवर वेळ जावा म्हणून प्रीतीने त्यांना जुन्या पेटंटांचा खजिना उघडून दिला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कागद, सगळे स्कॅन करून घरबसल्या बघायला ठेवलेले. "टाइमपास होईल तुमचा," ती म्हणाली. बिचारीला काय माहीत, आपण कोणाच्या हातात काय देतोय ते!

भगवानराव जे आत शिरले ते बाहेर येईनात. काय नव्हतं तिथे! पोळलेल्या बोटांना कंटाळून कोणी केटलीचं झाकण धरायचा आकडा काढलेला. चहात मिशा भिजू नयेत म्हणून कोणी कपाला आतून पट्टी लावलेली. हादऱ्यांच्या गाडीतून अंडी न फुटता नेणारी पेटी, वाऱ्यात कपडे न सोडणारा चिमटा, बर्फावर घोडा घसरू नये म्हणून नालाला लावायचा खिळा, रडतं मूल पायाने झुलवायचा पाळणा. आणि शोधक कोण? शेतकरी, लोहार, शिंपीण, कुठल्याशा वाडीवरची गृहिणी. ज्यांचं नाव जगात दुसऱ्या कुठल्याही कागदावर उरलं नसेल, अशी माणसं. प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका छोट्या त्रासाकडे डोळे रोखून पाहिलं होतं, आणि मला यातून वाट सापडली आहे, असं सरकारला ठणकावून लिहून दिलं होतं. भगवानरावांचे डोळे भरून येत. केटलीचं झाकण बघून रडणारा माणूस कमलाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

मजकूर ते वाचत नसत. इंग्रजी येत होतं, पण सवय चित्रं वाचायची. आणि चित्रं वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की निरनिराळ्या गावांतल्या, निरनिराळ्या माणसांच्या कितीतरी पेटंटांवर हात मात्र एकच आहे. सावलीच्या बाजूची रेघ केसभर जाड. गोलाकार भागावर रेघा कडेला दाट, मध्याकडे विरळ, आणि त्यांतलं अंतर असं मोजून कमी होत गेलेलं, की छपाईचं यंत्रही लाजावं. आणि भागांना आकडे देताना इंग्रजी चार डोक्याशी नेहमी उघडा, वरची टोकं न जुळवलेला. कुठल्यातरी पेटंट कचेरीतला कोणी ड्राफ्ट्समन. नाव कुठेच नाही. साधी दोन अक्षरंसुद्धा नाहीत.

"अगं, काय हात आहे!" ते जेवताना म्हणत. "एक रेघ पुसलेली नाही. दौतीची शाई, हाताखाली कागद, आणि एक रेघ चुकलेली नाही!"

कमलाबाईंनी त्या माणसाचं नाव ठेवलं चारवाला. कोणाचा फोन आला की त्या सांगत, "ते चारवाल्याकडे गेलेत. जेवायला येतील."

अर्जाला चार दिवस उरले होते. सोमवारी दुपारी, चारवाल्याचा हात हुडकत असताना, भगवानरावांपुढे त्याच्याच हातचा, एकोणीसशे बारा सालचा एक कागद आला. अवजारांच्या दांड्यांत सुधारणा, एवढंच शीर्षक. स्कॅन इतका फिकट, की संगणकाला त्यातला एक शब्द लागला नसता. चित्रात एक फावडं होतं. पात्याची एक कड उंच. दांड्याला दुसरी मूठ.

 चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. वरचं चित्र बाजूने पाहिलेलं, खालचं वरून पाहिलेलं. खालच्या चित्रात मूठ कुठे आहे? बर्फ पडतो त्याच बाजूला! हुश्श झालं. असं फावडं भरलं की हातात गिरकी घेणार. कल्पना अर्धीच सुचलेली. आपलं वेगळं आहे. त्या संध्याकाळी त्यांनी कमलाबाईंकडे सावजी मटणाची फर्माईश केली आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण मंगळवारी काहीतरी टोचत राहिलं. बुधवारी दुपारी ते पुन्हा खाली गेले. एवढा पक्का हात असलेला माणूस अशी निरुपयोगी वस्तू निमूटपणे काढील? काढणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं, ही गोष्ट चालणार की नाही ते. त्यांनी भिंग लावून चित्र इंचाइंचाने तपासलं. पात्याच्या पाठीमागे दांडा जिथे जोडला होता, तिथे जोड पक्का करणारी चार रिबिटं होती, पूर्ण रेघेने काढलेली. वरून पाहिलं तर पाठीमागची रिबिटं दिसणार नाहीत. जे दिसत नाही ते तुटक रेघेने काढायचं, हा या धंद्याचा पहिला धडा. चारवाला पहिला धडा चुकला?

चारवाला चुकला नव्हता. भगवानराव चुकले होते. हिंदुस्थानात ड्राफ्ट्समनला शिकवतात, की वरून पाहिलेलं चित्र खाली काढायचं. छत्तीस वर्षं त्यांचा हात तसाच चालला, डोळाही तसाच बसला. इकडे कॅनडा-अमेरिकेत रीत नेमकी उलटी. खाली काढलं ते खालून पाहिलेलं. हे प्रीतीने कुठेसं वाचून त्यांना इथे आल्या वर्षीच सांगितलं होतं, आणि त्यांनी मान डोलावून सोडून दिलं होतं. पात्याची उंच कड वरच्या चित्रात होती, ती तिथेच राहिली; पण खालचं चित्र खालून पाहिलेलं धरलं की त्यातलं डावं ते उजवं होतं. म्हणजे मूठ दुसऱ्या बाजूला. म्हणजे फावडं कलंडत नाही. म्हणजे हे त्यांचंच फावडं, वाकलेल्या मुठीच्या कोनासकट.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पेटंटाचा मजकूर वाचायला घेतला. फिकट अक्षरं, एकेक शब्द ओळखत. 'मी, एल्सपेथ मॅक्रे, गृहिणी, अल्बर्टा प्रांत, जाहीर करते की...' आणि पुढे, 'ज्याचा एक खांदा अधू आहे, अशा माणसालाही या अवजाराने घराची वाट मोकळी करता येते.'

भगवानराव भिंग हातात धरून बसून राहिले. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणायचं?  पण त्याच्यामागून जे आलं ते वाईट वाटण्यापेक्षा फार मोठं होतं. याच थंडीत, एडमंटनच्याच या प्रांतात, शंभरावर वर्षांपूर्वी एका बाईचा खांदा दुखला होता. ना ती यांना ओळखत होती, ना हे तिला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, जन्म पृथ्वीच्या दोन टोकांना. आणि तरी दोघांची मूठ एकाच अंशात वळली होती! आपला उजवा खांदा त्यांनी नकळत चाचपला.

प्रीती आल्यावर त्यांनी तिला खाली बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. तिने चित्र स्क्रीनवर मोठं करून दोनदा पाहिलं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "हे कोणालाही सापडणार नाही. आय मीन इट. एजंटला सापडलं नाही. पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरलाही मोस्टली सापडणार नाही. हे चित्र वाचू शकेल असा माणूसच राहिलेला नाही आता."

"मी वाचलं ना."

"पण ही तुम्ही कॉपी नाही केलेली! तुम्ही स्वतः शोधलंत. तुमचं नाव यायला पाहिजे, बाबा. एकदा तरी."  साहेबांच्या पकडीची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती, बापाकडून नव्हे, आईकडून.

जिन्यावर कमलाबाई केव्हा येऊन बसल्या, ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पोरी, माणसाचं नाव खोडून त्यावर आपलं लिवलं, का काय होते, हे या घरात कोणाला शिकवा लागत नाही."

 प्रीतीने डोळे पुसले, लॅपटॉप ओढला आणि म्हणाली, "सांगा. एजंटला काय लिहू?"

पण भगवानरावांनी तो लॅपटॉप बाजूला सारला. बोर्डावर कोरा कागद लावला, त्या अधू खांद्यानेच टी-स्क्वेअर सरकवला आणि शाईच्या पेनाने स्वतः लिहायला घेतलं. इंग्रजीत, ड्रॉइंगवर लिहितात तसल्या सरळ, सुट्या अक्षरांत. मॅक्रेबाईंच्या पेटंटाचा नंबर. साल. चित्र आपण आधी चुकीचं कसं वाचलं आणि खरं कसं वाचायचं, ते चार ओळींत. मग एक वाक्य, की या फावड्याची शोधक एल्सपेथ मॅक्रे आहे, मी नाही, तरी माझा अर्ज भरू नये. त्याखाली आणखी एक, जे एजंटच्या काहीही कामाचं नव्हतं: हे चित्र ज्याने काढलं त्याचं नाव मला सापडलं नाही, पण त्यात एकही चूक नाही, हे मी तपासून सांगतो.

खाली सही. छत्तीस वर्षं दोन अक्षरांवर भागवलेल्या माणसाने या वेळी सगळं नाव लिहिलं, भगवान सूर्यभान मेश्राम. मग स्वल्पविराम देऊन पुढे लिहिलं, ड्राफ्ट्समन.

"बाबा, 'रिटायर्ड' लिहा ना आधी," प्रीती हळूच म्हणाली.

"रिटायर नोकरीतून झालो," भगवानराव म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरून बसले.