भैरूशेठांची शाळा नगरला गेली

नारायण पेठेतल्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले आणि मोकळी हवा मिळेल म्हणून वाघोलीला भाड्याने राहायला आले. हवा मिळाली नाही, भैरूशेठ मिळाले. ते माझे घरमालक. खालच्या मजल्यावर ते, त्यांची बायको शकू, आई मथुराबाई आणि दहा वर्षांची एकुलती एक मुलगी कृष्णाई. वरच्या मजल्यावर मी आणि माझं डोकं. डोकं तापट आहे, हे मी भाडेकरारावर सही करतानाच सांगून टाकलं होतं. "तापू द्या की बाई," भैरूशेठ म्हणाले, "वर पान्याची टाकी हाय."

भैरूशेठांची चौदा एकर जमीन होती. आता तिथे तीन सोसायट्या, एक मंगल कार्यालय आणि एक इंग्रजी शाळा आहे. पैसा आला आणि काम गेलं. पहाटे पाचला उठायची सवय तेवढी राहिली. उठायचे, आंघोळ करायचे, पांढरा शर्ट घालायचे आणि सहाला गेटपाशी खुर्ची टाकून बसायचे. सहापासून झोपेपर्यंत माणूस पेपर तरी किती वाचणार? एकदा माझ्याकडून गेल्या साली संपलेलं पंचांग वाचायला घेऊन गेले आणि दोन दिवसांनी "चांगलं हाय" म्हणून परत देऊन गेले.

कृष्णाई त्याच इंग्रजी शाळेत जात होती. एका पालकसभेत तिथल्या मॅडम म्हणाल्या, घरी मुलीशी गावठी बोलू नका, तिचं इंग्लिश बिघडतं. भैरूशेठ आवाज चढवणारे गृहस्थ नव्हेत. "माझ्या वांग्याच्या वावरात हुबं ऱ्हाऊन मलाच गावठी म्हनता व्हय," एवढंच बोलले, पोरीचं दप्तर उचललं, पोरीला उचललं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गेटपाशी एकाच्या जागी दोन खुर्च्या होत्या. याला होमस्कूलिंग म्हणतात हे त्यांना पुढे कुणीतरी सांगितलं. कळल्याबरोबर त्यांनी तशी पाटी रंगवायला टाकली होती, ती मी थांबवली.

अभ्यासक्रम त्यांचा त्यांनीच केला. मराठी वाचन सातबाऱ्यावर, गणित गुंठ्यांवर, भूगोल रिंगरोडच्या नकाशावर आणि विज्ञान बोअरवेलवर. इतिहास मथुराबाईंकडे होता. त्यात भावकीतली सगळी भांडणं सनावळीसकट आली होती. मी वरून ऐकायचे आणि माझा रक्तदाब वाढायचा. पण खोटं कशाला बोलू, पोरीला येत होतं. आणि भैरूशेठ तर दहा वर्षांनी लहान दिसायला लागले होते. रात्री बसून दुसऱ्या दिवशीची गणितं काढायचे, अडलं की जिना चढून वर यायचे. नववी नापास माणूस, पण अपूर्णांक समजेपर्यंत माझ्या दारातून हलायचा नाही.

शकूला मात्र हे पसंत नव्हतं. ती बारावी झालेली, आणि घरात शेवटचा शब्द तिचाच. तिने नवऱ्याला माझ्यादेखत बजावलं, "एक वरीस बघते. एप्रिलात बाई परीक्षा घेतील. पास झाली तर ऱ्हाऊ द्या घरी. नापास झाली तर जूनमधी शाळंत. मंग मधी बोलायचं न्हाई." भैरूशेठ हो म्हणाले. नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती. पण त्या दिवसापासून त्यांना धास्ती बसली. पोरगी शाळेत गेली की आपण पुन्हा त्या एका खुर्चीवर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एप्रिलातला तो शनिवार. पन्नास मार्कांचा पेपर स्वतःच्या अक्षरात लिहून मी बरोब्बर आठ वाजता जिना उतरले, तर भैरूशेठ गाडी चालू करून बसलेले.

"बाई, बसा. नगरला चाललोय."

"कशाला?"

"सहल. शाळा म्हनल्यावर सहल पायजे का नको?"

"आणि ही सहल ठरली कधी?"

"ठरलेलीच व्हती," ते म्हणाले. ती मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर असताना ठरली होती, हे त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. शकू गॅसवरची आमटी ढवळायची सोडून बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"चला की," ती म्हणाली. "नगर काय वाईट हाय? परीक्षा तिथंच घिऊ. बाई, पेपर पर्समधी नीट ठेवा." आणि तिने आमटी डब्यात भरली. मथुराबाईंना कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. गाडी चालू झाल्याचा आवाज आला की त्या चप्पल घालून पुढच्या सीटवर बसलेल्या असतात.

वाघोलीहून नगरला जायला फार तर अडीच तास. आम्हाला पाच लागले. शिक्रापूरला चहा. मग रांजणगावला गणपती. तिथे भैरूशेठ डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी त्यांना तब्येतीचं विचारलं. शिरूरला घोडनदीच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "कृष्णे, हा जिल्हा संपला, तिकडून दुसरा लागला. झाला का न्हाई भूगोल?" पुढे रस्त्याकडेला प्लॉटच्या जाहिरातींचे बोर्ड लागले, तर प्रत्येक बोर्डाशी गाडी हळू. पोरीने गुंठ्याच्या भावावरून एकराचा भाव तोंडी सांगायचा. पोरगी सांगत होती. दर उत्तराला भैरूशेठ आरशातून माझ्याकडे बघत होते.

"भैरूशेठ, तोंडी परीक्षेला मार्क नाहीत," मी म्हटलं.

"न्हाई, तुमी नुसतं ऐका," ते म्हणाले.

नगरला पोहोचलो तोवर एक वाजला होता. तिथे कापड बाजार आहे. भैरूशेठांनी आपण होऊन बायकोला तिकडे नेलं. साडीच्या दुकानात गादीवर बसून बायकोला "आजून बघ की, घाई काय हाय" म्हणणारा नवरा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. दुकानदारही जरा बिचकलाच. पण शकूही वस्ताद. पंधरा मिनिटांत दोन साड्या घेतल्या, एक स्वतःला, एक सासूला, आणि पदर खोचून म्हणाली, "झालं. आता परीक्षा."

"हितं बाजारात?" भैरूशेठ म्हणाले. "शांतता नको का? डोंगरावर चांदबिबीचा महाल हाय, तिथं जाऊ."

तो चांदबिबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे मी गाडीत सांगितलं. "आसंल," भैरूशेठ म्हणाले, "पन बाई, एवढी मोक्याची जागा आन् एका मानसाला." शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर डोंगराच्या माथ्यावर ती आठ कोनी दगडी इमारत आहे. खाली ऊन मी म्हणत होतं, वर मात्र वारा होता. सावलीच्या बाजूला मी पोरीला बसवलं. भैरूशेठ शेजारी मांडी घालायला लागले.

"भैरूशेठ, परीक्षेच्या खोलीत पालक नकोत."

"खोली कुटं हाय?"

"मी बसले आहे तिथे खोली असते. उठा."

उठले बिचारे. मथुराबाई नवी साडी उशाला घेऊन केव्हाच झोपल्या होत्या. शकू गाडीपाशी भाकरी-आमटीची मांडामांड करत होती. भैरूशेठ इमारतीला फेऱ्या मारायला लागले. दर फेरीला आमच्या समोरून जाताना खाकरायचे. त्यांना वाटत असावं की खाकरण्याने पोरीला धीर येतो.

कृष्णाईने अर्ध्या तासात पेपर सोडवून टाकला. मी लाल पेन काढून तिथेच तपासायला घेतला. पंचवीस बाय चाळीस मीटरच्या शेताचं क्षेत्रफळ विचारलं होतं. तिने हजार चौरस मीटर लिहिलं होतं, खाली 'म्हणजे दहा गुंठ्यांना थोडं कमी', आणि त्याखाली 'रस्ता रुंदीकरणात गेलं तर आणखी कमी'. व्याजाचं बरोबर. अपूर्णांक बरोबर. निबंध 'माझा आवडता पक्षी' यावर होता. तिने टिटवीवर लिहिला होता, वावरं गेल्यापासून टिटवी दिसत नाही असं पप्पा म्हणतात, म्हणून. मला हसू आलं आणि गहिवरूनही आलं. सत्तेचाळीस मार्क होत होते. मी आकडा लिहायला पेन टेकवणार, तेवढ्यात पोरीने माझं मनगट धरलं.

"बाई, मला फेल करा ना."

मला वाटलं उन्हाने हिला काहीतरी झालं. "अगं, सगळं तर येतंय तुला."

"तरी पण. प्लीज."

"का?"

तिने भैरूशेठ कोपऱ्यामागे जाईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "घरी मधली सुट्टी नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे पप्पा म्हणतात, चला, मधली सुट्टी झाली. मग मी आणि पप्पा डबा खातो. मग पप्पा म्हणतात, चला, संपली. मागे लागायला कोणी नसतं बाई. भांडायला पण कोणी नसतं."

"मग हे पप्पांना सांग की."

"त्यांना वाटेल, मला त्यांचं शिकवणं आवडत नाही. आवडतं मला. पण शाळा पण पाहिजे." भैरूशेठ समोरून खाकरत गेले. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली, ते गेल्यावर पुन्हा सुरू झाली. "तुम्ही फेल केलं तर ते तुमच्यावर चिडतील. माझ्यावर नाही."

इतका पोक्त विचार करणाऱ्या पोरीला नापास करायचं होतं मला. पस्तीस वर्षांत मी अर्धा मार्क कुणाला फुकट दिला नाही आणि कुणाचा अर्धा कापला नाही. हेडमास्तरांचा भाचा माझ्या हातून दोनदा नापास झाला, त्यावरून माझी बढती तीन वर्षं अडली, तरी मी हटले नाही. आणि ही एवढीशी पोर मला बरोबर गणितावर फुली मारायला सांगत होती. राग आला मला. पोरीचा नाही, भैरूशेठांचाही नाही, कुणाचा ते आजही सांगता येत नाही. पण तिचे डोळे भरले होते आणि ती पापणी न हलवता ते थोपवून धरत होती. मी पहिली फुली मारली. ती वाकडी आली, कबूल करते. तिसऱ्या फुलीपासून हात सरावला. पन्नासपैकी चौदा. टिटवीला मात्र मी हात लावला नाही, ते चौदा तिचेच.

भैरूशेठ बहुधा विसाव्या फेरीवर होते. मी हाक मारली. शकूही हात पुसत आली.

"नापास," मी म्हटलं आणि पेपर त्यांच्या हातात दिला.

"आसं कसं?" भैरूशेठांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा लावला, गणितावरून अंगठा फिरवत गेले. "बाई, पंचवीस चोक शंभर, म्हंजे हजारच व्हत्यात की."

"रीत चुकली आहे," मी म्हटलं. माझ्याच्याने खोटं नीट बोलवत नाही.

"रीत मीच शिकवलीया. आन् मला तुमीच सांगितलीया, जिन्यात बसून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे पाहिलं. मग त्यांनी कृष्णाईकडे पाहिलं. ती पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. भैरूशेठांनी पेपर उलटला, मागची बाजू वाचली, पुन्हा पहिलं पान काढलं. एकेक फुली ते बघत होते आणि घाई करत नव्हते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

"अवो, काय लिवलंय?" शकू म्हणाली. "खरंच येत न्हाई का तिला?"

भैरूशेठांनी पेपराची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बाईंनी बरोबर तपासलंय," ते म्हणाले. "जूनपासून शाळंत घाला."

पोरीने मान वर केली. ते तिच्याजवळ खाली बसले आणि तिच्या बोटावरचा पट्टा सोडवू लागले.

"फकस्त शाळंच्या बसमधी घालू नका," ते शकूला म्हणाले. "सोडायला मी जाईन. आन् आनायला बी मीच जाईन."