पुढच्या सीटवरचा बदली कलाकार

शारजाहून दुबईला जाणारा रस्ता गाड्यांमुळे तुंबत नाही, आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या काकांना संगीत नीट ऐकता यावं म्हणून तुंबतो, असं माझं ठाम मत आहे. शारजातल्या अल नहदाहून दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसला, ऑफिसला निघालेली त्यांची गाडी म्हणजे चाकांवरची बैठक. संगीत एकच, अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं ब्लूग्रास. त्यातही बँड एकच, जुनी चौकट मोडून नवं काही करू पाहणारा. बँजो सुरू झाला की काकांची बोटं स्टिअरिंगवर नाचतात आणि बाकीचं जग थांबतं. एकदा मॅनेजरचा फोन आला, तर त्यालाही म्हणाले, “सर, बँजो संपतोय, दोन मिनिटं.” मागून कोणी हॉर्न मारला की पुटपुटतात, “हबीबी, निदान सुरात तरी.”

या बैठकीत मी बदली कलाकार. माझ्या सीटवर अकरा वर्षं त्यांचा मित्र बसायचा. तो नोकरी संपवून पुण्याला परतला आणि त्याच सुमारास बँडच्या मुख्य गायकानंही बँड सोडला. नव्या गायकाला घेऊन अल्बम आला, पण काका तो लावेनात. “नवा अल्बम पहिल्यांदा दोघांनी मिळूनच ऐकायचा, असं आमचं होतं,” एवढंच म्हणाले. मित्राला फोनही करत नव्हते.

त्यांना बरं वाटावं म्हणून एका सकाळी जाममध्ये मी अक्कल पाजळली. माझ्या फोनवरून अल्बम लावला, अर्धं गाणं डोळे मिटून ऐकलं आणि जाणकाराच्या थाटात म्हणालो, “छे. आवाजात जानच नाही. जुन्याची सर नाही, काका.”

“हा जुनाच आहे,” काका म्हणाले. “तुम्ही मागचा अल्बम लावलाय.”

मी घाईघाईनं फोनची स्क्रीन बघितली. वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. पुढच्या बसकडे बघत म्हणाले, “म्हणजे न ऐकताच ठरवून बसला होतात.” मग जरा थांबून, “मीही तेच करतोय. लावा नवा.”

नवा आवाज कोवळा होता, पण जुन्याची नक्कल करत नव्हता. बँजो आला तरी काकांची बोटं हलली नाहीत. ऑफिसचं वळण आलं, ते सरळ पुढे गेले. तीन गाणी उरली होती. ती संपल्यावर पेट्रोल पंपाशी थांबून त्यांनी पुण्याला फोन लावला.

“ऐकला रे मी,” ते म्हणाले. “चांगला गातो.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, एकटा नाही. शेजारी एकजण असतो. कानानं कच्चा आहे, पण बसतो बिचारा.”

मग मला खूण करून त्यांनी पहिलं गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि फोन स्पीकरपाशी धरला. गाणं संपलं तरी फोन कोणीच ठेवला नाही.