काळ्या बोटांचा फोटो

राम घाटावरच्या मंचावर सरकारी साहेबांनी माझं मनगट धरून हात वर केला.

"देखिए ये उंगलियाँ. नशा इंसान का क्या हाल करता है."

समोर शाळेची मुलं, पंडे, फोटोवाले. सगळ्यांनी नुकतंच ओंजळीत क्षिप्रेचं पाणी घेऊन नशामुक्तीची शपथ घेतली होती. पायऱ्या ओल्या होत्या. माझी बोटं काळी होती. नखांपर्यंत, तळव्याच्या रेघांपर्यंत.

मी कधी विडीही ओढलेली नाही. भैरवगढच्या छपाई कारखान्यात कापड रंगवते. बारा वर्षं. काळा रंग नखात शिरला की धुऊन जात नाही. नख वाढतं तसा हळूहळू जातो.

व्यसन दादाला होतं. माझा मोठा भाऊ, ऑटो चालवायचा. स्मॅक. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर त्याला रोज स्मॅकची तलफ मारणारी गोळी मिळायची, फुकट. नर्ससमोर जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. पाच महिने तो रोज गेला. हातांची थरथर थांबली. सकाळी पोहे-जलेबी खायला लागला. मला चिडवायला लागला, "काय रंगरेज़न, आज कोणते हात घालून आलीस?"

मग दवाखान्याच्या नशामुक्ती केंद्रातल्या बाबूला कार्यक्रमासाठी बरा झालेला पेशंट हवा होता. दादा घाबरला. स्टँडवर कळलं तर सवारी बसणार नाही. मी म्हटलं, घरचं माणूस म्हणून मी येते. बाबू म्हणाला, "चलेगा. कोई चेहरा चाहिए बस."

मी कोण, ते मंचावर कोणी सांगितलंच नाही.

हात सोडवून घेता आला असता. मग पुढचा प्रश्न आला असता, मरीज़ कौन है? दादा खाली खांबाला टेकून उभा होता. मी गप्प राहिले.

उतरल्यावर कार्यक्रमाच्या समितीतल्या एक बाई जवळ आल्या. जुन्या सरदार घराण्यातल्या. यादीत माझं आडनाव वाचलं होतं त्यांनी.

"अगं, तू मराठी ना? आपल्या लोकांत असलं काही नसतं. निदान आडनाव तरी सांगायचं नव्हतंस."

माझे पणजोबा असल्याच एका घराण्याच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे. त्या वाड्यांनी आम्हाला कधी आपलं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं, ते तोंड लपवायला सांगण्यासाठी.

दादा तोवर माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. माझा हात, खाली ओळ: नशे से लौटी बहन. दादाने पेपर घडी करून ठेवला. म्हणाला, "माझा गुन्हा तुझ्या हातावर छापला त्यांनी."

"फोटोचं सोड. गोळीला जा."

गेला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. स्मॅक परत सुरू झाली. विसाव्या दिवशी स्वतःच्याच ऑटोत, मागच्या सीटवर मेलेला सापडला. राख नदीत सोडली तेव्हा माझी बोटं निळी होती.

वर्षाने बाबूचा फोन आला. "दीदी, फिर आना है. साहब को वही हाथ चाहिए."

गेले. त्यांनी लिहून दिलेला कागद टेबलावर ठेवला. माइक घेतला.

"ये रंग है. मैं कपड़ा रंगती हूँ. नशा मेरे भाई को था. आपकी गोली से वो बच रहा था. आपके फोटो ने मार दिया."

कोणीतरी माइक बंद केला. बाकीचं मी माइकशिवाय बोलले. दादाचं पूर्ण नाव. समितीतल्या त्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्याकडे बघून आडनाव दोनदा.

दादा गोळी विरघळेपर्यंत गप्प बसायचा, त्यात तो जगत होता. मंचावर मी गप्प बसले. त्याचा हिशेब माझ्याकडे आहे, आणि तो फिटणार नाही.

आता कारखान्यात जाण्याआधी रोज दवाखान्याच्या त्या खिडकीच्या रांगेपाशी उभी राहते. नवा माणूस आला की सांगते: गोळी रोज घे. फोटोला नाही म्हण. कोणी दबाव आणला तर मला हाक मार.

कॅमेरा आला की मी पुढे होते. हात उघडून लेन्सवर ठेवते. त्या दिवशी ज्या रंगाचा असेल, तो.