दारं लावून घेणाऱ्या पेशी

पत्र्याच्या सात पेशी, प्रत्येकीला बिजागरीचं दार, खाली जुन्या मिक्सरची मोटर आणि सुबाभळीच्या लाकडाचे विषाणू. सगळं या दोन हातांनी केलंय, मित्रांनो. कुणी शिकवलं नाही.

आज ते मॉडेल निमगाव सावाच्या शाळेत चालवलं. मधल्या पेशीत विषाणू घुसला की ती एक प्रथिन बाहेर सोडते. ते प्रथिन म्हणजे निरोप. तो पोचला की शेजारच्या सहाही पेशी दारं लावून घेतात आणि बाकीचे विषाणू बाहेरच राहतात.

नातवाला न्यायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "आमी बिबट्या दिसला की वस्तीवर फोन करतो, तसंच हाय की वो हे! मंग सगळी गोठ्याची दारं लावत्यात."

अगदी तसंच.

मंचरचे एक क्लासवाले मॉडेल विकत घ्यायलाच आले होते. "भाऊ, लई भारी! फक्त प्रथिनाच्या हातात तलवार द्या. विषाणू मेला की पोरं टाळ्या वाजवतील."

"हे प्रथिन मारत नाही, राव. सावध करतं."

"कुणाला कळतंय?"

मावशींना कळलं होतं.

तुम्ही दिली असती का तलवार? मी मॉडेल घरी परत आणलं. ते पंचवीस हजार देत होते.