किरकोळ शब्ददुरुस्ती

पप्पांची दोन बोटं बॉबिन भरायच्या मशीनमध्ये सापडली, तेव्हा मी सुरतेत उधन्याला माझ्या दुकानात होते. मी कारखान्यांसाठी कंट्रोल बोर्ड बनवते. पप्पा कामाला होते त्या बमरोलीतल्या कारखान्यातल्या मशीनचा बोर्डही माझाच होता.

दवाखान्यात पट्टी बांधून घेताना पप्पा म्हणाले, "मी बटन दाबं, पन मशीन थांबनंच नही."

मी तशीच कारखान्यात गेले. थरथरीने स्टॉपच्या बटणाची वायर निघाली होती. वायर निघाली तर मोटर आपोआप बंद व्हायला हवी. माझ्या बोर्डावरच्या ड्रायव्हरच्या माहितीपानावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. ड्रायव्हर म्हणजे मोटर चालवणारा प्रोग्राम. तो ओपन सोर्स होता, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा असा. वायर लोंबती ठेवून मी मशीन चालू केलं. मोटर गरगर फिरत राहिली.

मग कोड उघडला. त्यात सरळ उलटं होतं. माहितीपानावर 'चालू राहते'च्या जागी 'बंद होते' लिहून ठेवलं होतं.

मी पानावरची ती चूक दुरुस्त करून पाठवली, काय झालं तेही लिहिलं. प्रकल्प सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं: "एवढ्या लहान शब्दबदलांसाठी आमच्याकडे वेळ नाही. कोड वाचला असता तर कळलं असतं." आणि माझी दुरुस्ती त्याने न स्वीकारताच बंद करून टाकली.

माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "कोडच वाचायचा असेल तर हे पान ठेवलंय कशाला? काढून टाका."

कारखान्याचे गुजराती शेठ मला समजावू लागले, "बेन, फुकटची वस्तू आहे, तिथे कोणाशी भांडणार?"

"फुकट आहे म्हणून खोटं लिहायचं?" मी एवढ्या जोरात बोलले की शेजारच्या मशीनवरची माणसं वळून बघायला लागली.

मी व्हिडिओ काढला. वायर काढली, बटण दाबलं, मोटर फिरतेय. तो त्याच बंद केलेल्या दुरुस्तीखाली टाकला. खाली एका अनोळखी माणसाने लिहिलं की त्याच्या लेथवरही असंच होतं, त्याला वाटत होतं बोर्डच खराब आहे. मग आणखी दोघांनी लिहिलं. तेव्हा कुठे दुरुस्ती स्वीकारली गेली. सोबत शेरा होता: "किरकोळ शब्ददुरुस्ती. धन्यवाद."

पप्पांना मी तो शेरा मराठीत वाचून दाखवला. त्यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती, मम्मी लावून देत होती.

"मंग आते बरोबर लिखं ना त्यास्नी?" पप्पांनी विचारलं.

"लिहिलं."

"मंग झायं."

माझ्यासाठी झालं नव्हतं. त्या पानाच्या अगदी वर धोक्याची सूचना हवी, म्हणून मी पुन्हा मागणी पाठवली. 'किरकोळ' शब्दाबद्दलही जे लिहायचं ते लिहिलं, आणि ते सभ्य नव्हतं. सूचना लागली. त्या शब्दाबद्दल माफी मात्र कुणी मागितली नाही.

आता त्या ड्रायव्हरचं एकेक पान मी बोर्डाला मीटर लावून तपासते. कालच आणखी एक चूक सापडली. पाठवताना मी 'कृपया' लिहिलं नाही.