मांत्रिकाचा मंत्र आणि कैलासची जीप

गेल्या वर्षी आमच्या आळीत बातमी उठली, की जीपवाला कैलास करणी शिकतोय. बातमीचं मूळ सरुबाई. ती मेथी द्यायला त्याच्या दारात गेली, तर आतून कैलासचा आवाज, "आता झाडात शिर. डोळं मीट. दुसऱ्या झाडातनं भाईर ये." तिनं जुडी उंबऱ्यावरच टाकली आणि तडक माझ्या दुकानात आली. मी त्यात पदरची एक काळी कोंबडी घातली आणि बातमी पवनानगरच्या स्टँडपर्यंत पोचवली.

करणीबिरणी काही नव्हती. तो खेळ होता. मुंबईची काही पोरं धरणाकाठच्या तंबूत राहून परत जाताना कैलासच्या जीपमध्ये एक खोका विसरली. आत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि रंगीत फासे, त्यातल्या एकाला तर वीस बाजू. कैलासनं फोन केला, तर पोरं म्हणाली, "काका, ठेवा तुम्हालाच, खेळून बघा." दुसऱ्या कुणी ते फासे घरातल्या पोरांना दिले असते. कैलासच्या घरात पोरं नाहीत. त्याची बायको, सारिकावहिनी, वारून बरीच वर्षं झाली, भाऊ तळेगावच्या सोसायटीत राहायला गेला. आता तर जीपलाही गिऱ्हाईक कमी, घरटी दोन मोटरसायकली आल्यात. माणूस दिवसभर कामशेतच्या नाक्यावर "चला पवनानगर, पवनानगर" ओरडतो आणि घरी आल्यावर त्याला बोलायला भिंत. भिंतीच्या अलीकडं मी राहतो, म्हणून मला ठाऊक.

खेळ असा, की एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. लढणं, पळणं, सगळं तोंडानं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. खेळत राहिलं की लेव्हल चढते आणि नवे मंत्र मिळतात. गोष्ट चालवायची कैलासनं. खालच्या आळीची स्नेहल झाली मांत्रिक, पुस्तकातलं इंग्रजी तीच उलगडून सांगायची. धम्मदीप झाला रानातला साधू. दोघंही तळेगावला कारखान्यात कामाला, गुरुवारी सुट्टी. कैलासनं मात्र पडवीत चार खुर्च्या मांडलेल्या. चौथी पुजाऱ्याची. पुजारी व्हायला कुणी मिळालं नव्हतं, तरी खुर्ची दर गुरुवारी पुसली जायची.

मी चहाला म्हणून जायचो आणि उंबऱ्यावर बसून टोमणे मारायचो. गोष्ट अशी, की या मंडळींनी पार दूरच्या एका गडावर पोचायचं, तिथल्या राक्षसाला मारायचं, की संपलं. पण पोचतील तर ना. कैलासनं खेळाला आपल्या जीपचा नियम लावलेला: सगळे आल्याशिवाय गाडी हलणार नाही. धम्मदीपची डबल शिफ्ट लागली, की गोष्टीतली माणसं एका ओढ्याकाठी गुमान बसून राहायची. एकदा ती तशी अख्खा पावसाळा बसली होती.

"कैलास," मी एकदा म्हटलं, "हा धम्मदीप या झाडात शिरून त्या झाडातून निघतोय, आणि एवढी मोठी मांत्रिक बाई पायी चालतेय. तुझ्या पुस्तकात छापायची चूक झाली काय रं?"

"चूक न्हाई," कैलास म्हणाला. "साधूला पलीकडं वळखीचं झाड लागतं. हात लावल्यालं. म्हणून त्याला आदी देत्यात. पुजाऱ्याचा मंतर त्याला फकस्त सोताच्या देवळात आणून सोडतो. त्योबी आदीच. मांत्रिकाला झाड नको, देऊळ नको. मनात आलं की गेला, कुटंबी. म्हणून त्याला मागनं."

"म्हणजे मांत्रिकाचा भरवसा नाही."

"तसं न्हाई रं. पयल्या दिवशीच उडाया लागला, तर मधली गावं कुनी बघायची?"

स्नेहल तेव्हा हसली होती. पण घरी जाऊन तिनं मोबाइलवर ते पुस्तक शोधून काढलं असणार. कारण दिवाळीनंतर एका गुरुवारी ती पेढे घेऊन आली, आणि पुडा उघडण्याआधीच म्हणाली, "काका, कुठंही जायचा तो मंत्र मला गणपतीतच मिळायला हवा होता. माझी लेव्हल तेव्हाच तेवढी चढली होती."

कैलास वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवत राहिला. "ह्या धम्याच्या शिफ्टा. जीप भरत नव्हती."

"माझ्यावर ढकलू नका, भाऊ," धम्मदीप म्हणाला. "गणपतीपासून मी एक गुरुवार चुकवला नाही."

"पेढे कशाचे?" मी मधेच विचारलं. सवय.

"बढती मिळाली. चेन्नईला." ती माझ्याशी बोलत होती, बघत होती कैलासकडं. "पुढच्या आठवड्यात जायचंय. द्या ना काका मंत्र."

"दिला की तू गडावर. मंग काय ऱ्हायलं?"

"मी तशीही चाललेय, काका."

कैलासनं पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. मग फासा तिच्या पुढ्यात ठेवला. "टाक."

तिनं टाकला. चांगला पडला. मांत्रिकानं साधूचा हात धरला आणि दोघं ओढ्यावरून थेट गडाच्या दारात. कैलासनं गड कसा सांगितला म्हणता! बुरूज, चोरवाट, टाक्यातलं काळं पाणी. किती महिने मनात बांधत होता कोण जाणे, आणि संपला चहा निवायच्या आत. राक्षस मेला. टाळी कुणीच वाजवली नाही.

"फोनवरून खेळू की," निघताना स्नेहल म्हणाली.

"फोनवर सीट भरती व्हय?" कैलास म्हणाला आणि तिला स्टँडपर्यंत सोडायला गेला, जीपमध्ये ती एकटीच. सीट न भरता गाडी काढलेली मी तेव्हा प्रथम पाहिली.

पुढं धम्मदीपनं गुरुवारचा ओव्हरटाइम धरला. त्याचं तरी काय चुकलं, दोघांत कसला खेळ. महिनाभर भिंतीपलीकडून आवाज नाही. सरुबाईनं स्वतःहून विचारलं, "करणी सोडली का रं त्यानं?" मला काही चांगलं जोडून सांगायला सुचलं नाही.

मागच्या गुरुवारी दुपारी डोकावलो. पडवीत चारही खुर्च्या मांडलेल्या, कैलास फडक्यानं एकेक पुसत होता. मी सवयीनं उंबऱ्यावर टेकलो आणि सवयीनंच बोललो, "आता काय मांत्रिक नाही, साधू नाही. रिकामी जीप कुठं काढणार, कैलासशेठ?"

त्यानं चौथ्या खुर्चीवर फडकं मारलं, ती माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "पुजारी हो. न्हाईतरी तू दुकान सोडून कुटं जातूस?"